उन्हाचा दाखला आणि काळी काच

मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास असलेल्या मनाईविरुद्ध खानदेशात जो युक्तिवाद केला जातो, तो महानगरांतील युक्तिवादाहून वेगळा आहे. मुंबई-पुण्यात खासगीपणाचा मुद्दा पुढे येतो. यावल, फैजपूर, सावदा, रावेर या जळगाव जिल्ह्यातील, तापीच्या उत्तरेकडील, सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात मात्र ऊन पुढे केले जाते. मे महिन्यात ज्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, जेथे दुपारी गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, त्या जिल्ह्याला आणि महाबळेश्वरला एकच नियम लावणे हा अन्याय आहे, दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांना खानदेशचे ऊन ठाऊक नाही, आणि म्हणून काळी फिल्म ही येथे चैन नसून गरज आहे, असा या युक्तिवादाचा आशय असतो. त्यातील ऊन खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकणारा नाही. आणि तो का टिकत नाही हे समजण्यासाठी आधी नियम नेमके काय म्हणतो ते पाहावे लागते, कारण या वादात नियम वाचलेले लोक कमी आणि त्यावर मत असलेले लोक फार, अशी स्थिती आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०० क्रमांकाचा नियम हा या विषयाचा पाया आहे. त्यानुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काच तशी असणे पुरेसे नसून ती तशा स्थितीत राखलीही गेली पाहिजे. ‘दृश्य प्रकाशाचे पारगमन’ ही या नियमातील मध्यवर्ती संज्ञा असून, डोळ्यांना दिसू शकणारा जेवढा प्रकाश काचेवर पडतो त्यापैकी जेवढा पलीकडे पोहोचतो त्याची टक्केवारी, एवढाच तिचा अर्थ आहे. म्हणजे टक्केवारी जितकी कमी तितकी काच अधिक काळी. काच किती तापते किंवा गाडीत गारवा किती राहतो याच्याशी या आकड्यांना काही कर्तव्य नाही. नियम मोजतो तो प्रकाश. उष्णता तो मोजतच नाही.

या नियमाला आजची धार आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेत सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या खंडपीठाने असे ठरवले की, कारखान्यातून येतानाच काच फिकट रंगाची असेल आणि ७० व ५० टक्क्यांची अट पाळत असेल तर तिला हरकत नाही. परंतु गाडी तयार झाल्यानंतर काचेवर वरून फिल्म किंवा अन्य कोणताही पदार्थ चिकटवता येणार नाही, मग त्या फिल्मची टक्केवारी कितीही असो. ४ मे २०१२ पासून ही मनाई देशभर लागू झाली. झेड आणि झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांपुरती सवलत ठेवण्यात आली. फिल्मचे उत्पादक आणि विक्रेते यांनी त्यानंतर स्पष्टीकरणासाठी केलेले अर्ज न्यायालयाने ३ ऑगस्ट २०१२ रोजी फेटाळले.

हा निकाल निर्दोष आहे असे म्हणण्याचे कारण नाही. त्याचा मुख्य भर गुन्हेगारीवर आहे: काळ्या काचांआड अपहरण, अत्याचार, शस्त्रांची वाहतूक असे प्रकार घडतात आणि पोलिसांना आतील माणसे दिसत नाहीत, ही त्यामागची चिंता होती. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत ज्या बसमध्ये सामूहिक बलात्काराची भीषण घटना घडली, त्या बसच्या काचांवर काळी फिल्म होती आणि आत पडदे होते, ही गोष्ट तेव्हा देशभर चर्चिली गेली. मनाईचे विरोधक हेच उदाहरण उलटे वापरतात आणि मनाई होऊन सात महिने झाले असताना गुन्हा टळला नाही असे दाखवतात. पण त्यावरून मनाई निरुपयोगी ठरत नाही, ती अमलात आणली गेली नव्हती एवढेच ठरते. तरीसुद्धा गुन्हेगारीचा आधार हा या मनाईचा लंगडा पाय आहे, हे मान्य करावे लागते, कारण काळी काच आणि गुन्हा यांच्यातील कार्यकारणभाव आकड्यांनी सिद्ध करणे अवघड असते. ज्याला गुन्हा करायचाच आहे तो पाचशे रुपयांच्या दंडाला भिऊन फिल्म काढून ठेवील, ही अपेक्षाही भाबडी आहे. मनाईचा खरा भक्कम आधार रस्त्यावर आहे आणि न्यायालयाने त्याला जेवढी जागा द्यायला हवी होती तेवढी दिली नाही. त्याकडे येण्यापूर्वी अलीकडे दुकानांत ऐकू येणारे एक विधान निकालात काढणे आवश्यक आहे.

‘आता फिल्म कायदेशीर झाली’ असे ते विधान आहे. त्याचा उगम असा की, नियम १०० मध्ये २०२० साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ या प्रकारालाही मान्यता मिळाली. ग्लेझिंगमध्ये काचेच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा थर असलेले साहित्यही येऊ शकते. या दुरुस्तीचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाचे न्या. एन. नागरेश यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, गोएंका प्रकरणातील निकाल दुरुस्तीपूर्वीच्या नियमावर आधारलेला असल्याने, ७० व ५० टक्क्यांची अट पाळणाऱ्या फिल्मबद्दल दंड करता येणार नाही. निर्णयाची तर्कसंगती चांगली आहे. पण तो अन्य राज्याच्या उच्च न्यायालयाच्या एकल पीठाचा आहे, महाराष्ट्रातील न्यायालयांनी तो विचारात घ्यावा एवढेच त्याचे वजन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याने रद्द होत नाही. शिवाय त्याने टक्केवारीची अट सैल केलेली नाही. केरळचा निर्णय जसाच्या तसा यावलला लागू झाला असे क्षणभर गृहीत धरले, तरी बाजारात ज्याला लोक काळी फिल्म म्हणतात ती त्यात बसत नाही.

हे साध्या गुणाकाराने दिसते. बाजारातील फिल्म साधारणपणे ५, २०, ३५, ५०, ७० अशा टक्क्यांच्या नावाने ओळखल्या जातात आणि ‘बाजूच्या काचेला ५० टक्क्यांची परवानगी आहे, म्हणून ५० ची फिल्म चालते’ असे विकणारा सांगतो व घेणाराही मानतो. परंतु नियमातील टक्केवारी ही एकट्या फिल्मची नसून काच आणि फिल्म मिळून जी होईल तिची आहे, आणि कंपनीची काच स्वतःच काही प्रकाश अडवत असते. काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ५० ची फिल्म चढवली, तर पलीकडे पोहोचतो तो ३७.५ टक्के प्रकाश. ३५ ची चढवली तर जेमतेम २६ टक्के. अशा काचेवर नियमात बसण्यासाठी फिल्मने किमान ६७ टक्के प्रकाश सोडला पाहिजे, म्हणजे ७० ची फिल्म कशीबशी चालेल आणि ती चढवल्यावर काच काळी दिसणार नाही. समोरच्या काचेची गोष्ट तर संपल्यातच जमा आहे: काच ७५ टक्क्यांची असेल तर फिल्म ९३ टक्क्यांहून अधिक पारदर्शक हवी. वाहतूक पोलिसांकडे टिंट मीटर, म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंना धरून पारगमन मोजणारे उपकरण, असते तेव्हा हा हिशेब दोन मिनिटांत होतो. ते नसते तेव्हा डोळ्यांच्या अंदाजावर दंड होतो आणि त्यातून देवघेवीला वाव मिळतो, ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर प्रत्येक पोलीस ठाण्याला मीटर देणे हे आहे, नियम काढून टाकणे हे नव्हे.

आता उन्हाच्या मूळ मुद्द्याकडे वळता येईल. त्याच्या मुळाशी काळोख म्हणजे गारवा हे समीकरण आहे आणि ते झाडाच्या सावलीवरून आले असावे. पण झाड ऊन दूर अडवते आणि तापलेला भाग माणसापासून लांब राहतो, तर फिल्म ऊन अडवते ते आतील माणसाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. सूर्याकडून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण त्वचेला जाणवणाऱ्या किरणांची असते. साधी रंगवलेली काळी फिल्म प्रामुख्याने दिसणारा प्रकाश शोषून घेते, अवरक्त किरणांपैकी बराच भाग आत सोडते आणि शोषलेल्या प्रकाशाने काच स्वतः तापते. त्या तापलेल्या काचेची उष्णता गाडी धावत असताना बाहेरच्या वाऱ्याबरोबर काही अंशी निघून जाते, उभ्या गाडीत मात्र तिचा मोठा वाटा आत येतो. काळी फिल्म उष्णता मुळीच अडवत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. काही प्रमाणात ती अडवते. परंतु जितका प्रकाश ती खाते त्या मानाने गारवा फार कमी देते, आणि डोळ्यांवरची तिरीप कमी झाल्याने मिळणारा दिलासा बसणाऱ्याला गारव्यासारखा भासतो.

याउलट, दिसणारा प्रकाश बहुतेक सगळा सोडून अवरक्त किरण तेवढे अडवणारी काच बनवता येते आणि बनवलीही जाते. सिरॅमिक फिल्म म्हणून जी महाग फिल्म मिळते तिचेही काम असेच चालते. त्वचेच्या काळजीपोटी अतिनील किरणांचा मुद्दा काढला जातो, त्यालाही हेच लागू पडते, कारण ते किरणही अदृश्य असल्याने त्यांना अडवण्यासाठी काच काळी करावी लागत नाही. समोरची काच तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते आणि तो पापुद्रा जवळजवळ सर्व अतिनील किरण आधीच अडवतो. तेव्हा खानदेशच्या उन्हाचा दाखला कशाच्या बाजूने जातो, तर उष्णता अडवणाऱ्या स्वच्छ काचेच्या बाजूने. २०१२ च्या सरसकट मनाईने ७० टक्के प्रकाश सोडणारी अशी फिल्मही बाद केली, हा तिच्यावरचा एकमेव सयुक्तिक आक्षेप आहे आणि केरळच्या निर्णयाचे मोल त्यातच आहे. गंमत अशी की, काळ्या काचेचे समर्थक हा आक्षेप क्वचितच घेतात. स्वच्छ फिल्म बाहेरून दिसत नाही, आणि पुष्कळांना फिल्म हवी असते ती दिसावी म्हणूनच.

उभ्या गाडीबद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते, त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. आत येणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा समोरच्या तिरक्या, रुंद काचेतून येतो आणि ती काच कोणत्याही अन्वयार्थाने ७० टक्क्यांखाली काळी करता येत नाही. यावलच्या आठवडे बाजाराच्या दिवशी गाडी उन्हात लावणाऱ्याला तिच्या समोरच्या काचेमागे उभा करायचा चंदेरी पत्रा बाजूच्या चारही काळ्या काचांहून अधिक उपयोगी पडेल. तो गाडी चालवताना काढून ठेवायचा असतो, त्यामुळे त्याबद्दल दंड होण्याचाही प्रश्न येत नाही.

उन्हाच्या नावाने बोलते कोण, हेही पाहण्यासारखे आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर केळीची गाडी घेऊन उत्तरेकडे निघणारा ट्रकचालक इंजिनच्या धगीजवळ बसतो, घड उतरवणारा मजूर उघड्या ट्रॉलीवर बसतो, एसटीतील प्रवासी तापलेल्या खिडकीला टेकतो. यांपैकी कोणीही काळ्या काचेची मागणी केल्याचे दिसत नाही. मागणी येते ती वातानुकूलित मोटारीतून. ट्रकचालकाच्या बाबतीत सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू वाहनांच्या केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक केले. उष्णतेवरचा उपाय शोधायचा ठरवले की तो कोणत्या दिशेने शोधला जातो याचे हे उदाहरण आहे, आणि त्यात रस्ता दिसेनासा करण्याची गरज पडलेली नाही.

रस्ता दिसणे हाच या विषयाचा गाभा आहे. बाजूची काच काळी केली तर समोरचे दिसण्यात काय फरक पडतो, असे विचारले जाते. पण गाडीचे बाहेरचे दोन्ही आरसे चालक ज्या काचांतून पाहतो त्या पुढच्या दारांच्या बाजूच्याच काचा असतात. त्या २६ टक्क्यांवर आणल्या की आरशातून येणाऱ्या प्रकाशाचा तीन-चतुर्थांश भाग डोळ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो. भर दुपारी हे जाणवत नाही, कारण प्रकाश मुबलक असतो. जाणवते ते सायंकाळी, यावलहून फैजपूरकडे जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा रस्त्यावर आधीच अंधार धरून असतात तेव्हा: डावीकडून कडेने चाललेला सायकलस्वार, मागचा दिवा नसलेली आणि रिफ्लेक्टरवर चिखल बसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, शेतातून परतणाऱ्या बायकांची रांग, हे सर्व आरशाच्या आणि बाजूच्या काचेच्या भरवशावर टाळायचे असते. त्यातच साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्या एकतृतीयांशाला फिल्मने पुन्हा चौथाईवर आणले, तर वयस्क चालक जवळजवळ अंदाजानेच गाडी हाकत असतो. शिवाय पाहणे दोन बाजूंनी असते. यावलमध्ये भुसावळकडे वळणाऱ्या फाट्यावर रस्ता ओलांडणारा पादचारी चालकाच्या तोंडाकडे पाहतो आणि त्याने आपल्याला पाहिले की नाही एवढे ताडून पाऊल टाकतो. सिग्नलपेक्षा या नजरेच्या भाषेवर चालणाऱ्या रस्त्यांवर चालकाचा चेहरा झाकणे म्हणजे पादचाऱ्याचे एकमेव साधन काढून घेणे होय.

परदेशांची उदाहरणेही या वादात दिली जातात. अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्यात पुढच्या दारांच्या काचांना ३३ टक्क्यांपर्यंतची मुभा आहे, हे खरे आहे. ७० आणि ५० हे आकडे वेदवाक्य नाहीत आणि हवामान पाहून ते ठरवता येतात, एवढे त्यातून सिद्ध होते. पण ॲरिझोनाच्या रुंद रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॉल्या आणि पायी चालणारे मजूर मोटारीच्या अंगाला लागून चालत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीसारख्या, खानदेशाहूनही कडक उन्हाच्या देशाने २०१७ मध्ये मर्यादा सैल केली ती ५० टक्क्यांपर्यंतच, आणि समोरची काच त्यातून वगळली. म्हणजे आखाताने सैल करून गाठलेली मर्यादा ही बाजूच्या काचांच्या बाबतीत भारताने १९८९ पासूनच दिलेली आहे. ब्रिटनमध्ये पुढच्या बाजूच्या काचांना ७० टक्क्यांची अट आहे, मागच्या दारांना नाही. हा भेद शहाणपणाचा आहे, कारण आरसे पुढच्या काचांतून पाहिले जातात. भारतीय नियमात पुढची आणि मागची दारे एकाच मापाने मोजली जातात आणि त्याबद्दल वाद घालायला जागा आहे.

खासगीपणाच्या मुद्द्याची वासलात थोडक्यात लावता येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हे खरे. पण त्याच निकालानुसार कायद्याने घातलेले, न्याय्य हेतूचे आणि प्रमाणशीर बंधन या हक्कावर घालता येते, आणि अर्धा प्रकाश अडवण्याची मुभा देऊन उरलेला अर्धा मागणारा नियम प्रमाणशीर नाही असे म्हणणे कठीण आहे. खासगीपणाचा दावा करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या काळ्या काचेवर बाहेरून पक्षाचे चिन्ह आणि पद ठळक अक्षरांत लावलेले असते. काळी काच हे आपल्याकडे पुढारीपणाचे लक्षण होऊन बसले आहे, आणि सुरक्षेच्या दर्जाचा काही संबंध नसताना तालुका पातळीवरील कार्यकर्त्यांपासून सरकारी गाड्यांपर्यंत ती सर्रास दिसते. नाक्यावरचा हवालदार अशा गाडीला हात दाखवत नाही आणि लग्नाला निघालेल्या शेतकऱ्याची गाडी अडवतो, तेव्हा नियमाबद्दलचा राग समजण्यासारखा असतो. मात्र त्या रागाचे लक्ष्य अंमलबजावणी असले पाहिजे.

खानदेशातील वाहनधारकांना उन्हाच्या नावाने मागणी करायचीच असेल, तर ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे अशी करावी: नियम १०० मध्ये प्रकाशाच्या किमान मर्यादेबरोबर उष्णतेचीही कमाल मर्यादा घालावी, म्हणजे उष्णता अडवणारी स्वच्छ काच देण्याची जबाबदारी गाडी बनवणाऱ्या कंपनीवर येईल आणि ग्राहकाला फिल्मच्या दुकानात जावे लागणार नाही. यात अडचणी आहेत. कॅलिफोर्नियाने २००९ साली असाच नियम केला होता. धातूचा मुलामा असलेल्या काचेमुळे मोबाइल व जीपीएसचे संदेश अडतील या आक्षेपापुढे तो २०१० मध्ये मागे घ्यावा लागला, आणि भारतात तर समोरच्या काचेवरच्या फास्टॅगचाही विचार करावा लागेल. पण धातू न वापरता उष्णता शोषणारा पापुद्रा काचेत घालणे शक्य आहे, आणि मागणी मांडण्यासाठी जळगाव जिल्ह्याइतका योग्य जिल्हा दुसरा क्वचितच सापडेल. तोपर्यंत मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि पुढे प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दंड भरल्याने फिल्म ठेवण्याचा परवाना मिळत नाही. ती काढावीच लागते.